नाव मोठे, आवाज केवढा?

कागदाच्या लगद्याची गिटार वाजेल का? ‘खेळण्यातली असेल,’ असे तुम्ही म्हणाल. पण अशी एक गिटार खरोखरच आहे आणि ती खेळण्यातली नाही. स्पेनमधील आंतोनियो दे तोरेस या कारागिराने ती १८६२ साली तयार केली. आज आपण ज्या आकाराची आणि मापाची स्पॅनिश गिटार पाहतो, तिला ते रूप देण्यात या तोरेसचा वाटा सर्वांत मोठा आहे. अशा नामवंत कारागिराने एका गिटारची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या. पुढची पातळ फळी मात्र नेहमीसारखी, निवडक लाकडाची ठेवली. ही गिटार बार्सिलोना येथील संगीत संग्रहालयात जपून ठेवलेली आहे.

पाठीला आणि बाजूंना भारी लाकूड नसले तरी गिटार वाजते, हे त्याने असे दाखवून दिले. गिटारचा आवाज मुख्यतः पुढच्या फळीवर ठरतो, असे त्याचे मत होते.

आता एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. गिटार शिकायची तुम्हांला हौस आहे. वाढदिवसाचे, बक्षिसाचे पैसे साठवून तुम्ही बाबांबरोबर वाद्यांच्या दुकानात गेलात. भिंतीवर दोन गिटारी टांगलेल्या आहेत. एक दहा हजारांची, दुसरी लाखाच्या घरातली. दुकानदार म्हणतो, “ही नामांकित कंपनीची आहे, लाकूड अस्सल. हिचा आवाजच वेगळा!” दोन्ही छेडून पाहिल्यावर तुम्हांलाही तो वेगळा वाटतो. बाबा खिशाकडे पाहतात, तुम्ही गिटारकडे. पण तो फरक तुमच्या कानांना जाणवला, की डोळ्यांना?

या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाच्या पद्धतीने शोधता येते. त्यासाठी आधी गिटार वाजते कशी, ते पाहू या.

आवाज येतो कोठून?

तार छेडली की ती कंप पावते. तारेच्या एका सेकंदातील कंपनांच्या संख्येला कंप्रता म्हणतात आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा, तर सर्वांत बारीक तार सुमारे ३३० वेळा कंप पावते. पण नुसत्या तारेचा आवाज अगदी क्षीण असतो. उकाड्यात पंख्याऐवजी झाडूच्या काडीने वारा घेऊन पाहा! काडी कितीही हलवली तरी हवा तिच्या दोन्ही बाजूंनी निसटून जाते. तारेचेही तसेच होते. हवा ढकलायची तर रुंद पृष्ठभाग हवा.

प्रयोगशाळेत तुम्ही नादकाटा वाजवून त्याची दांडी टेबलावर टेकवली असेल. टेकवताच आवाज मोठा होतो, कारण टेबलाची फळी कंप पावू लागते. गिटारमध्ये हेच घडते. तारांची कंपने घोडीतून पुढच्या फळीत उतरतात आणि ती फळी हवा हलवते. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या भोपळ्यावर बसवलेल्या पातळ फळीला तबली म्हणतात. आपणही गिटारच्या पुढच्या फळीला तबलीच म्हणू.

तबलीचे काम मोठे कठीण आहे. पोलादी तारांच्या गिटारमध्ये सहा तारांचा मिळून ताण सुमारे ७० किलोग्रॅम वजनाइतका असतो, म्हणजे जणू एक प्रौढ माणूसच तारांना लोंबकळतो आहे! आणि तबलीची जाडी अवघी अडीच-तीन मिलिमीटर. जाड केली तर ती वाकणार नाही, पण कंपही पावणार नाही. तेव्हा लाकूड हलके हवे आणि ताठही हवे. स्प्रूस नावाचे थंड प्रदेशातील सूचिपर्णी झाड येथे उपयोगी पडते. त्याच्या लाकडाची घनता पाण्याच्या निम्म्याहूनही कमी असते, तरी त्याच्या रेषांच्या दिशेने ध्वनी सेकंदाला ५,००० मीटरहून अधिक वेगाने जातो. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर आहे, हे तुम्हांला ठाऊक आहेच.

एवढ्यावर भागत नाही. तबलीला आतून बारीक पट्ट्या चिकटवाव्या लागतात. जर्मनीहून अमेरिकेत गेलेल्या सी. एफ. मार्टिन यांच्या कारखान्यात १८४० नंतरच्या दशकात या पट्ट्या गुणिलेच्या चिन्हासारख्या बसवण्याची पद्धत विकसित झाली. पोलादी तारांच्या बहुतेक गिटारींत आजही तीच वापरतात. पट्ट्यांची जाडी आणि त्यांची जागा यांवर आवाज फार अवलंबून असतो.

गिटारच्या पोटातील हवाही गप्प बसत नाही. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की घुमणारा स्वर निघतो. गिटारच्या भोकाशी असलेली हवाही तशीच आतबाहेर कंप पावते. तिची कंप्रता १०० हर्ट्झच्या आसपास असते. तबलीचे आपले मुख्य कंपन २०० हर्ट्झच्या जवळपास असते. तारेची कंप्रता यांच्याशी जुळली की आवाज भरदार होतो. याला अनुस्पंदन म्हणतात.

मग पाठ आणि बाजू काय करतात? पोटातील हवा कोंडून धरतात आणि तबलीला आधार देतात. त्याही थोड्या कंप पावतात, पण मुख्य काम तबलीचे. गंमत अशी, की दुकानात ज्या लाकडाचे गुणगान ऐकू येते ते पुष्कळदा पाठीचे आणि बाजूंचेच असते!

एका झाडाची प्रतिष्ठा

ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्याजवळच्या जंगलात डालबर्जिया नायग्रा नावाचा वृक्ष वाढतो. त्याचे लाकूड गडद तपकिरी, काळ्या रेघांचे आणि दिसायला अत्यंत देखणे असते. गिटारच्या पाठीसाठी त्याचा फार बोलबाला झाला. फर्निचर आणि वाद्ये यांसाठी इतकी झाडे तोडली गेली, की लाकूड मिळेनासे झाले. मार्टिन कंपनीने १९६९ साली दुसरे लाकूड घेतले. कोणते, ठाऊक आहे? आपल्या सह्याद्रीतही वाढणारा शिसव! त्याचे शास्त्रीय नाव डालबर्जिया लॅटिफोलिया. म्हणजे तो त्या ब्राझिली वृक्षाचा जवळचा भाऊच. आजीच्या घरातील शिसवी पलंग किंवा जुना देव्हारा आठवा. त्याच जातीचे लाकूड गिटार होऊन जगभर वाजू लागले.

१९९२ साली ब्राझिली वृक्षाचे नाव वन्य जीवजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत गेले. त्यामुळे त्याचे लाकूड अधिकच दुर्मीळ झाले आणि जे दुर्मीळ त्याची प्रतिष्ठा आणखी वाढली. ब्राझिली लाकडाच्या जुन्या गिटारींना शिसवीच्या तशाच गिटारींपेक्षा कितीतरी जास्त किंमत पडते. पुढे शिसवावरही तीच पाळी आली. २०१७ पासून डालबर्जिया कुळातील इतर सर्व जातींच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यांतून सूट मिळाली.

प्रश्न असा उरतो, की ज्या लाकडासाठी एक वृक्ष संकटात सापडला, त्याचा आवाज खरेच इतका निराळा आहे काय?

डोळे झाकून परीक्षा

इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी याची परीक्षा घ्यायचे ठरवले. रॉजर बकनॉल या अनुभवी कारागिराने त्यांच्यासाठी सहा गिटारी तयार केल्या. आराखडा तोच, तबली स्प्रूसचीच. फरक केला तो फक्त पाठीच्या आणि बाजूंच्या लाकडात. ब्राझिली लाकूड, भारतीय शिसव, महोगनी, मेपल, सपेली आणि अक्रोड अशी सहा लाकडे घेतली. यांत काही फार महाग, तर काही स्वस्त होती.

५२ गिटारवादकांनी या सहा गिटारी वाजवून गुण दिले. खोलीत प्रकाश अगदी मंद होता आणि वादकांच्या डोळ्यांवर वेल्डिंग करणारे लावतात तसे काळे चष्मे होते. त्यामुळे लाकूड दिसण्याची सोयच नव्हती. निकाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. सहाही गिटारींना आवाजासाठी जवळजवळ सारखेच गुण मिळाले होते! ३१ वादकांच्या दुसऱ्या गटाला तर या गिटारी एकमेकींपासून ओळखणेही कठीण गेले.

व्हायोलिनच्या बाबतीतही असेच दिसले. स्ट्राडिव्हारी हे नाव व्हायोलिनच्या जगात सर्वांत मोठे. अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे २०१० साली २१ वादकांना डोळ्यांवर काळे चष्मे लावून सहा व्हायोलिने वाजवायला दिली. तीन नवी होती, तीन जुनी. जुन्यांपैकी दोन स्ट्राडिव्हारीची होती. तीन जुन्या वाद्यांची किंमत नव्यांच्या सुमारे शंभरपट होती. तरीही सर्वांत पसंत पडले ते एक नवे व्हायोलिन आणि सर्वांत नापसंत ठरले ते स्ट्राडिव्हारीचे!

येथे घाई करू नका. ‘सगळ्या गिटारी सारख्याच’ असे या प्रयोगांनी सिद्ध होत नाही. लँकेस्टरच्या सहाही गिटारी एकाच कुशल हाताच्या होत्या. बदलले होते फक्त पाठीचे आणि बाजूंचे लाकूड. म्हणून निष्कर्षही तेवढाच काढायचा: तबली आणि कारागिरी चांगली असली, तर पाठीच्या लाकडाचे नाव आवाजात फारसा फरक करत नाही. प्रयोगाने सांगितले त्याहून अधिक त्याच्या तोंडी घालू नये, हाही विज्ञानाचाच धडा आहे.

मग जास्त पैसे कशाचे?

वस्तूच्या किमतीत दोन भाग असतात. एक भाग गुणाचा. तो हाताला आणि कानाला कळतो. दुसरा भाग नावाचा. तो डोळ्यांना आणि मनाला कळतो.

गुणाचा भाग खरा असतो. अगदी स्वस्त गिटारमध्ये पडदे जागेवर नसतात, तारा फार उंच असतात आणि खुंट्या घसरतात. त्याहून थोडे अधिक पैसे दिले की हे दोष नाहीसे होतात आणि गिटार एकदम सुधारते. त्यापुढे तबली प्लायवूडऐवजी एकसंध लाकडाची मिळते. ही सुधारणाही कानाला जाणवण्यासारखी असते. पण वर वर जावे तसतशी प्रत्येक हजार रुपयांमागे होणारी सुधारणा कमी कमी होत जाते. पहिली पोळी, दुसरी पोळी आणि सातवी पोळी यांचे समाधान सारखे नसते, तसेच हे!

नावाचा भाग मात्र कितीही वाढू शकतो. मार्टिन कंपनीची १९५९ सालची एक गिटार २०२० मध्ये अमेरिकेत ६० लाख डॉलरहून अधिक किमतीला लिलावात गेली. त्याच नमुन्याच्या सुमारे तीनशे गिटारी कंपनीने केल्या होत्या. मग याच गिटारला एवढी किंमत का? कर्ट कोबेन या गायकाने १९९३ च्या एका गाजलेल्या कार्यक्रमात ती वाजवली होती म्हणून. घेणाऱ्याने पैसे मोजले ते इतिहासाचे. ते चूक नव्हे; पण आवाजाचे पैसे मोजले असे त्याला म्हणता येणार नाही.

थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ सालीच लिहून ठेवले होते, की काही वस्तू माणसे उपयोगासाठी घेत नाहीत, आपली ऐपत लोकांना दिसावी म्हणून घेतात. अशा वस्तूची किंमत कमी झाली तर तिचा तोराच उतरतो!

आणि नावाची दुसरी बाजू पाहा. बॉब टेलर या अमेरिकन गिटार-उत्पादकाने १९९५ साली, गोदामात माल ठेवायला फळ्या ठोकून केलेले पाट असतात ना, तसल्या टाकाऊ पाटाच्या लाकडाची एक गिटार बनवली. पाटातील खिळ्यांची भोके त्याने मुद्दाम दिसतील अशी ठेवली. ती गिटार उत्तम वाजली आणि गाजलीही. लाकडाच्या नावापेक्षा कारागिराचा हात मोठा, हेच त्याने दाखवले. तोरेसने कागदाच्या लगद्यातून जे सांगितले, तेच हे.

गिटार घेताना काय पाहाल?

एक मोजपट्टी, आपले कान आणि थोडा धीर एवढे पुरे.

पहिली तपासणी पडद्यांची. गिटारवर फ्रेट म्हणजेच पडदे कोठे बसवायचे, हे गणित ठरवते. शेजारच्या दोन पडद्यांच्या स्वरांत कंप्रतेचे गुणोत्तर १.०५९५ असते. ही संख्या बारा वेळा एकमेकींनी गुणली की उत्तर २ येते, म्हणून बाराव्या पडद्यावर कंप्रता दुप्पट होते. गळ्याच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात, त्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंतचे अंतर मोजा आणि दुप्पट करा. समजा, ६५० मिलिमीटर आले. मग पट्टीपासून पहिला पडदा ३६.५, पाचवा १६३ आणि सातवा २१६ मिलिमीटरवर हवा. मोठा फरक आढळला, तर ती गिटार कितीही गुळगुळीत आणि चकचकीत असली तरी बेसूरच वाजणार.

दुसरी तपासणी सुराची. बाराव्या पडद्याच्या अगदी वर तारेला बोट नुसते टेकवून तार छेडा आणि बोट लगेच उचला. घंटेसारखा स्वर निघेल. आता त्याच पडद्यावर तार दाबून वाजवा. दोन्ही स्वर एकच वाटले पाहिजेत. सहाही तारांवर असे करून पाहा.

तिसरी तपासणी तारांच्या उंचीची. बाराव्या पडद्यापासून पोलादी तार दोन ते तीन मिलिमीटर आणि नायलॉनची तार तीन ते चार मिलिमीटर उंच असावी. तार फार उंच असली तर बोटे दुखतात, सूर चढतो आणि नवशिक्याला वाटते, ‘मला काही जमत नाही.’ कित्येक मुले अशीच गिटार सोडून देतात. दोष त्यांच्या बोटांचा नसून गिटारचा असतो आणि तो जाणकार कारागीर थोड्या खर्चात दुरुस्त करू शकतो.

चौथी तपासणी तबलीची. भोकाच्या कडेकडे नीट पाहा. वरच्या लाकडाच्या रेघा कडेवरून तशाच खाली उतरलेल्या दिसल्या, तर तबली एकसंध आहे. थरांवर थर दिसले, तर ती प्लायवूडची. शिकणाऱ्याला प्लायवूडची गिटारही चालते, ती हवामानाला अधिक सोसते. पण पैसे मात्र प्लायवूडचेच द्यावेत.

पाचवी गोष्ट तारांची. जुन्या, गंजक्या तारांनी उत्तम गिटारही मंद वाजते. दोन गिटारींची तुलना करताना दोन्हींच्या तारा सारख्याच ताज्या हव्यात.

शाळेत करून पाहा

दोन गिटारी मिळवा, एक साधी आणि एक महागडी. पडद्याआड एक वादक बसवा. आधी गिटार ‘अ’, मग गिटार ‘ब’ वाजवून ऐकवा. नंतर नाणे उडवा. छापा आला तर ‘अ’, काटा आला तर ‘ब’ वाजवायची. ऐकणाऱ्याने कोणती ते कागदावर लिहायचे. असे दहा वेळा करा. तुकडा तोच, तारा सारख्या आणि आवाज शक्यतो सारखाच मोठा असू द्या, कारण जरा मोठा आवाज आपल्याला उगाचच चांगला वाटतो. वादकाच्या डोळ्यांवरही पट्टी बांधा आणि गिटार त्याच्या हाती दुसऱ्या मुलाने द्यावी. नाही तर महाग गिटार हाती येताच तो अधिक जीव ओतून वाजवील! नाणे उडवणारा आणि गिटार देणारा यांनी निकाल लागेपर्यंत चकार शब्द काढू नये.

आता गुण मोजा. नुसत्या अंदाजाने दहापैकी पाच उत्तरे बरोबर येतातच. सात किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता साधारण सहांत एक असते, म्हणजे सात आल्याने काही ठरत नाही. पण नऊ किंवा दहा बरोबर आली, तर ते नशिबाने घडण्याची शक्यता शंभरांत सुमारे एक. मग या कानांना फरक खरेच ओळखू येतो, असे खुशाल म्हणा. फरक ओळखू आल्यावरच पुढचा प्रश्न विचारायचा: त्यांतली कोणती अधिक आवडली? ‘वेगळी’ आणि ‘चांगली’ हे दोन शब्द एक नव्हेत.

ही रीत केवळ गिटारपुरती नाही. औषधांची परीक्षाही अशीच घेतात; खरे औषध कोणते आणि साधी गोळी कोणती, हे रोग्याला आणि डॉक्टरलाही आधी सांगत नाहीत. डोळे झाकल्यावर जे उरते, तो गुण. जे नाहीसे होते, ते नाव.

नावाला मोल नाही असे नाही. जुन्या कारखान्याची कारागिरी, देखणे लाकूड, आवडत्या वादकाची आठवण यांसाठी कोणी जाणूनबुजून पैसे मोजले, तर ती त्याची हौस. पण ते पैसे कशाचे, हे घेणाऱ्याला ठाऊक हवे. ब्राझीलच्या जंगलातील त्या वृक्षाला ही संधी मिळाली नाही. काळे चष्मे लावून त्याच्या लाकडाची परीक्षा झाली, तोवर बहुतेक झाडे तुटून गेली होती.

तेव्हा दुकानात दोन गिटारींपुढे उभे राहाल, तेव्हा मोजपट्टी बरोबर न्या. बाबांना दोन्ही गिटारी धरायला सांगा, तुम्ही पाठ फिरवा आणि डोळे मिटून ऐका. त्यातून जी निवडाल तिच्यावर रोज अर्धा तास बसा. वर्षभराने तिच्या आवाजात जी सुधारणा होईल, ती कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.